हस्तिदंती कंबर

जालन्याहून उत्तरेला भोकरदनला गेलं की केळना नदी लागते. तिच्या काठच्या पांढरीत १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळात हे भोगवर्धन नावाचं गजबजलेलं व्यापारी गाव होतं. इथल्या माणसांनी सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान दिल्याच्या नोंदी तिथल्या दगडांवर कोरलेल्या आहेत. भोकरदनच्या खोदकामात मणी, नाणी, खापरं यांच्यासोबत हस्तिदंतात कोरलेली एक बाई निघाली. भंगलेली होती, पण जाणकारांना तिची घडण ओळखीची वाटली. तिची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती १९३८मध्ये थेट इटलीत, पॉम्पेई शहरात सापडलेली होती. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला, शहर राखेखाली गेलं आणि त्यासोबत ही भारतीय बाईही गाडली गेली. ती घडली ती भोकरदनलाच, असंही मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. मराठवाड्यातल्याच तेरलाही तशीच एक मिळाली.

पॉम्पेईची मूर्ती वीतभर उंचीची आहे. घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, हातभर बांगड्या, गळ्यात हार, बारीक कमरेला मेखला. वस्त्र म्हणाल तर जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंना तिच्या मांडीला लागतील एवढ्याशा दोन दासी साजशृंगाराचं सामान घेऊन उभ्या. या बाईच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती नुसती मूर्ती नव्हती, कशाचा तरी भाग होती. तिपाईचा पाय असेल, किंवा आरशाची मूठ असेल, असं म्हणतात.

मला आरशाची मूठ पटते. पटते म्हणण्यापेक्षा सोडवत नाही. कुणी श्रीमंत घरची बाई सकाळी तो आरसा उचलत असेल तेव्हा तिची बोटं त्या हस्तिदंती कमरेभोवती पडत असतील. वर आरशात तिचा स्वतःचा चेहरा, झोपेतून उठलेला, कालच्या भांडणाने सुजलेला. खाली मुठीत ती दुसरी, जिची कंबर कधी सुटत नाही आणि जिला कधी मूल होत नाही. वर्तमानपत्र, सिनेमा, दूरदर्शन, मोबाइल हे सगळं पुढे आलं, पण मांडणी तीच राहिली. आरशात आपण असतो आणि मुठीत आपण कसं असायला हवं त्याचा नमुना.

हा नमुना ठरवतो कोण, हा प्रश्न मराठी माणसाने एकदा तरी स्वतःला विचारावा, कारण आपल्याकडचं उत्तर मोठं गमतीचं आहे. बाई कशी दिसावी हे महाराष्ट्रातल्या बायांना ज्याने सगळ्यांत यशस्वीपणे शिकवलं तो एक पुरुष होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९१३मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची रुक्मिणी, त्यांची भामिनी पाहायला आलेल्या सुखवस्तू घरच्या स्त्रिया नाटकासोबत आणखीही काही पाहून जात. पदर कसा घ्यायचा, खोपा कसा घालायचा, नथ कुठली, गजरा किती. त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घराघरांत झाली. कुलीन बाईने रंगभूमीवर पाय ठेवायचा नाही असा दंडक, म्हणून बाईचं काम पुरुषाने करायचं. आणि ते काम तो इतकं गोड करणार की घरच्या बाईला वाटावं, आपल्यालाच काही जमत नाही. त्याच १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा त्यांनी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये या साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. विरह दोघांचा, रडणारा एकच.

बालगंधर्वांची कला थोर होती, तिच्याबद्दल इथे एक अक्षरही वाकडं लिहायचं नाही. मुद्दा प्रेक्षकांच्या डोळ्यांचा आहे. १९३३मध्ये 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं, बाईच्या भूमिकेत बाई उभी राहू लागली, तोवर लोकांच्या डोळ्यांत माप बसून गेलेलं होतं. आणि ते माप नुसतं पदराचं नव्हतं. १९१९च्या 'एकच प्याला'मधली सिंधू दारुड्या नवऱ्याचं सगळं सोसते आणि त्या सोसण्यामुळेच पूज्य ठरते. बहात्तर वर्षांनी 'माहेरची साडी' आला. मराठवाड्यातल्या जत्रांत तंबूच्या टॉकीजला असले सिनेमे लागायचे तेव्हा बायांच्या बाजूने हुंदके यायचे आणि पुरुषांच्या बाजूने बिड्यांचा धूर. अलका कुबल यांनी केलेली सून मार खाते, उपाशी राहते, आणि प्रेक्षकांच्या मनात देव्हाऱ्यात जाऊन बसते. बिचारीने एकदा तरी उलटून बोलावं असं वाटणाऱ्या बाया त्या तंबूत नक्कीच असणार. पण बक्षीस सोसणारीला होतं.

ही गोष्ट ज्यांना आधी कळली त्या आपल्या शेजारच्याच. जालना जिल्ह्याची शीव ओलांडली की बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला होता. वर्तमानपत्रं त्या निमित्ताने सगळ्या बायकांच्या जातीला झोडपत होती, आणि ताराबाई भडकल्या. पुस्तक त्या रागातून आलं हे सगळे सांगतात. त्यात त्यांनी त्या काळच्या कादंबऱ्या आणि नाटकंही झोडपून काढली आहेत हे कमी सांगितलं जातं. 'मुक्तामाला' आणि 'मनोरमा' यांची त्यांनी नावं घेऊन हजेरी घेतली. बाई एक तर कपटी नाही तर पतिव्रता, असं चितारणाऱ्या लेखणीमागे पुरुषाचा हात आहे, हे त्यांनी सरळ ठेवून दिलं. माध्यमं बाईला कशी रंगवतात यावर मराठीत झालेली ही इतकी जुनी आणि इतकी रोखठोक टीका बुलढाण्यासारख्या गावातल्या एका बाईने केली, आणि आपल्या लोकांनी तिच्यावर असा गहजब केला की तिने पुन्हा पुस्तक छापलं नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. बाकी शांतता. १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे ते हाती आलं.

चित्र बघून माणूस खरंच बदलतो का? की ही सगळी लेखकांची काळजी? याचा चांगला पुरावा फार लांबून येतो, प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवरून. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ साली दूरदर्शन पोहोचलं. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी ते येताच शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी तशीच पुन्हा केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. १९९८मध्ये असं करणाऱ्या ११ टक्क्यांहून जास्त निघाल्या. आपण फार जाड आहोत असं निदान अधूनमधून तरी वाटतं, हे ७४ टक्के मुलींनी सांगितलं. विशेष म्हणजे फिजीत अंगाने भरलेलं असणं ही शोभा होती. पाहुणी बारीक झालेली दिसली तर घरचे काळजी करत.

हे वाचताना जालन्याच्या माणसाला हसू येईल, कारण ही रीत आपलीच. माहेरपणाला आलेल्या लेकीला बघून आजी म्हणते, "तब्येत सुधारली गं!" याचा अर्थ वजन वाढलं, आणि ती पावती असते, लेकीला आणि तिच्या सासरालाही. "सुकली का गं पोरी?" हा काळजीचा प्रश्न. खात्यापित्या घरची म्हणजे अंगाने भरलेली. मागच्या वीस-पंचवीस वर्षांत या वाक्यांचे अर्थ घरातल्या घरात उलटले. आजीने "तब्येत सुधारली" म्हटलं की आता नात दुपारचं जेवत नाही.

आणि हे कुठे चाललंय तेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाचांतली एक प्रमाणापेक्षा बारीक, आणि चारांतली जवळजवळ एक प्रमाणापेक्षा जाड. डॉक्टर खालची पापणी ओढून बघतात तेव्हा जिथे लाल दिसायला हवं तिथे पांढरट दिसतं. असल्या राज्यात मुलींना पडद्यावरून रोज सांगितलं जातंय की आणखी बारीक व्हा, आणि आणखी पांढऱ्या.

पांढऱ्या होण्याबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५मध्ये. चित्र ठरलेलं होतं: सावळी मुलगी उदास, नोकरी नाही, स्थळ नाही, ट्यूब संपली की मुलगी गोरी, नोकरी पक्की, वडिलांच्या डोळ्यांत पाणी. पुरुष तरी का मागे राहावेत म्हणून २००५मध्ये त्यांचंही वेगळं क्रीम आलं. जाहिरातदारांच्या मानक परिषदेने २०१४मध्ये नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक, अपयशी दाखवू नका. २०२०च्या जुलैत 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' शब्द जाऊन त्या जागी 'ग्लो' आला. त्याच्या महिनाभर आधी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली. चांगलंच झालं. पण जालन्यातल्या कुठल्याही लग्नघरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा बायोडाटा उघडा. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, देवक, मामेकुळ, आणि मग 'वर्ण : गोरा'. फार तर 'निमगोरा'. सावळा असं लिहिलेला बायोडाटा मी अजून पाहिलेला नाही, आणि एवढ्या काळ्या मातीच्या जिल्ह्यात सगळेच निमगोरे कसे, असा प्रश्नही कुणाला पडलेला पाहिला नाही.

टीव्हीने मधल्या काळात सावळी नायिका आणली, हे मान्य करायला हवं. २०१९मध्ये 'रंग माझा वेगळा' ही मालिका सुरू झाली आणि गावोगाव पाहिली गेली. रंगावरून होणारा छळ हाच तिचा विषय. फक्त नायिका सावळी दिसावी म्हणून अभिनेत्रीला रंग लावून सावळं करण्यात आलं. हे म्हणजे बालगंधर्वांच्या काळात परत जाण्यासारखं झालं. ज्यांच्याबद्दल गोष्ट आहे त्यांनाच त्या गोष्टीत काम नाही.

चित्राचा हा सगळा परिणाम मनावर होतो, तसा चामडीवरही होतो. आता ट्यूब हातात घेऊन बघू. औषधाच्या दुकानातून "ते गोरं व्हायचं मलम द्या" म्हणून जी ट्यूब येते तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत बऱ्याचदा तीन नावं असतात. एक स्टिरॉइड, म्हणजे मोमेटासोन किंवा तत्सम, दुसरं हायड्रोक्विनोन, तिसरं ट्रेटिनॉइन. हे वांगासाठीचं औषध आहे, डॉक्टरने सांगितलेल्या थोड्या दिवसांपुरतं. लावल्यावर आठवड्याभरात चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात काय लावतेस, आणि ट्यूब हातोहात पसरते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उठतात, उन्हात गेलं की आग होते, क्वचित गालावर लव वाढते. घाबरून मलम बंद करावं तर चेहरा आणखी लाल होतो, म्हणून पोरगी पुन्हा लावते. दारूचं व्यसन लागतं तसं चेहऱ्याला मलमाचं लागतं. २०१८मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी कोण मागतं ते तुम्हीआम्ही जाणतो. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर ती एकदम फेकू नका. घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ते हळूहळू सोडवतात.

याहून वाईट म्हणजे बिननावाच्या डबीतलं क्रीम. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची, मुलगी, आई आणि बहीण, मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी २०२३मध्ये आली. तिघी एकच क्रीम लावत होत्या, तपासणीत त्यात पारा निघाला. पारा करतो काय, तर कातडीत रंग तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून गोरेपणा झटपट येतो. पण तो कातडीवर थांबत नाही. रक्तात उतरतो, मूत्रपिंडाच्या गाळणीत साठतो, गाळणी फाटल्यासारखी होते आणि लघवीतून प्रथिनं वाहून जातात. पायावर सूज, लघवीला फेस. गोरं दिसण्यासाठी लावलेल्या डबीचा हिशेब शेवटी डायलिसिसच्या दारात मांडला जाऊ शकतो. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायलाच बंदी आहे. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही, तिला हा करार ठाऊक असण्याचं कारण नाही.

फोनमधल्या आरशाबद्दल थोडक्यात. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, हे तुमच्या नाकाचं नाही, अंतराचं काम. २०१८मध्ये अमेरिकेत प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनी गणित मांडलं : एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. नाक बारीक करून द्या म्हणत येणाऱ्यांना ते हे समजावत होते. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याला 'ब्यूटी मोड' असतो आणि तो कित्येकदा न सांगता चालू असतो. चेहऱ्यावरचे ठिपके ओळखायचे, डोळे थोडे मोठे करायचे, जबडा आत ढकलायचा, कातडी इस्त्री केल्यासारखी करायची. आधी कॅमेरा नाक वाढवतो, मग फिल्टर उरलेलं सगळं कमी करतो, आणि त्या दोघांच्या मधे कुठेतरी पोरीचा खरा चेहरा हरवतो. फिल्मच्या काळात तरी वेगळं काय होतं? रंगीत फिल्म तपासायला प्रयोगशाळांत गोऱ्या बाईच्या फोटोचं एक कार्ड वापरत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. सावळा चेहरा मग फोटोत नुसता काळा पडणार, आणि स्टुडिओवाला पावडर लावायला सांगणार.

पुरुषांचं काय? त्यांच्यावरही माप आलंय, पण ते बोलत नाहीत. २०१८च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्यात झाली. बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा घेतली तेव्हा मैदान दणाणून गेलं. माती-मॅटवरच्या वजनदार पैलवानाच्या पोटावर सहा चौकोन नसतात. मान जाड, कान मोडलेले, पोट भरलेलं. तालमीत हेच देखणेपण. त्याच शहरातल्या जिमच्या भिंतीवर मात्र परदेशी माणसाचं कोरीव पोट चिकटवलेलं असतं आणि पोरं तसं तीन महिन्यांत मागतात. दूध-बदामाने ते तीन महिन्यांत येत नाही, म्हणून पावडर, आणि पावडरीनंतर इंजेक्शन. अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडने दंड फुगतात आणि वृषणं आक्रसतात, वीर्यात शुक्राणू राहत नाहीत. मर्दासारखं दिसायला गेलेला पोरगा लग्नानंतर बायकोची तपासणी आधी करवतो, स्वतःची शेवटी. बाईची कुस्ती 'दंगल' सिनेमा येईपर्यंत आपल्याकडे कुणाला फारशी दिसली नव्हती. २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी.

चित्र बिघडवतं तसं घडवतंही, हे सांगितलं नाही तर अर्धवट राहील. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी भारतातल्या खेड्यांत केबल आल्यावर काय झालं ते तपासलं. बिहार, हरियाणा, तामिळनाडू आणि आपल्या शेजारचं गोवा त्यांच्या पाहणीत होतं. २००९मध्ये छापलेला निष्कर्ष असा की केबल आलेल्या गावांत, बायकोला मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा ही ओढ कमी झाली. आणि हे झालं ते सासू-सुनांच्या मालिका बघून! मालिकेतली सून रडत असली तरी ती शहरात राहते, बोलते, घराबाहेर पडते. बघणारीने रडणं सोडून दिलं आणि बाकीचं घेतलं असावं. सिनेमाचंही तसंच. 'फँड्री'तला जब्या नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला कपड्यांचा चिमटा लावतो. त्या एका दृश्याने मराठी प्रेक्षकाला जे सांगितलं ते दहा लेखांनी झालं नसतं. 'सैराट'मध्ये आर्ची ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा थेटरात शिट्ट्या पडल्या. गावात ट्रॅक्टर चालवणारी बाई त्याआधीही असेल, पण तिच्यासाठी कुणी शिट्टी मारली नव्हती.

ट्रॅक्टरवरून शेतात आणि चौकात येऊ. जालन्यात मंठा चौफुलीला किंवा अंबड चौफुलीला थांबा आणि मान वर करा. माध्यम म्हटलं की आपण सिनेमा-मोबाइल म्हणतो, पण मराठवाड्याचं रोजचं माध्यम म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी जाहिरातींतल्या स्त्री-पुरुषांच्या चित्रांवर लिहिलेलं पुस्तक १९७९मध्ये निघालं. त्यांनी सांगितलेल्या खुणांतली पहिलीच खूण आकाराची : चित्रात ज्याचं वजन जास्त तो मोठा आणि वर. गॉफमन जालन्यात आले नव्हते, पण आपल्या फ्लेक्सवाल्यांनी त्यांचा शब्दन् शब्द खरा केलाय. स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. बाई सरपंच होते. फ्लेक्सवर तिचा फोटो असतो, डोक्यावर पदर, पासपोर्टच्या फोटोएवढा. बाजूला तिच्या दुप्पट आकाराचा नवरा, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, हात जोडलेले. पॉम्पेईच्या मूर्तीशेजारच्या दासींची उंची अशीच ठरवली होती. कायद्याने तिला खुर्ची दिली. छापखान्यात तिला पुन्हा मांडीएवढी केली.

आणि शेत. जालना बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथे महिको काढली, पुढे १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालना, भोकरदनपासून तिकडे देऊळगाव राजापर्यंत पांढऱ्या-हिरव्या शेडनेटखाली मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं. आत मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून घ्यायचे, आणि मग नर फुलाचे पराग तिच्या टोकावर लावायचे. एकेका फुलाला, हाताने, दिवसभरात शेकडोंना. याला इथे क्रॉसिंग म्हणतात आणि ते बहुतेक बायाच करतात. विचारलं की मालक सांगतो, "बायांची बोटं नाजूक असतात." याच बोटांनी त्या ऊस तोडतात, पाटीभर दगड उचलतात, तेव्हा ती नाजूक नसतात, नाजूकपणाचा उल्लेख फक्त मजुरी ठरवताना निघतो. खेड्यातल्या काम करणाऱ्या बायांतल्या चारांमधल्या तिघी शेतीत आहेत. शेतीऔषधाच्या दुकानाबाहेरच्या फलकावर मात्र शेतकरी असतो मिशावाला, फेट्यातला. बाई असली तर त्याच्यासाठी भाकरी घेऊन येणारी.

बायांनी क्रॉसिंग करून तयार केलेलं ते बियाणं शेवटी चकचकीत पाकिटात भरलं जातं. पाकिटावर टोमॅटोचा फोटो असतो.